पहिला डीएसएलआर घेताय? मग आधी लेन्सचं बोलू

माझ्याकडे एक जुनी ५० एमएमची लेन्स आहे जिच्यावर मी पहिले चार महिने हाताने रिंग फिरवून फोकस केला, आणि तो काही हौसेने नाही, निव्वळ येडपटपणामुळे. सेकंडहँड मिळत होती, काच एकदम स्वच्छ, किंमतही परवडणारी, घेतली. घरी येऊन बॉडीला, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याला लावली, खट्टकन बसली, म्हटलं जमलं. शटरचं बटण अर्धं दाबलं तर काहीच नाही, ना आवाज ना हालचाल. तासभर मेनू उपसले, लेन्स काढून परत लावली, बॅटरी काढून परत घातली, आणि मग कुठे कळलं की या लेन्समध्ये फोकसची मोटरच नसते, ती बॉडीत असावी लागते, आणि माझी बॉडी सगळ्यात खालच्या मॉडेलची, तिच्यात मोटर नाही. विकणाऱ्याने फसवलं वगैरे अजिबात नाही, मी विचारलं असतं तर त्याने सांगितलंही असतं, मीच विचारलं नव्हतं.

हे आधी सांगितलं कारण नवीन माणूस कायम विचारतो "कोणता कॅमेरा घेऊ", आणि त्याच्या मनात कॅमेरा म्हणजे बॉडी असते, लेन्स काय, बॉक्समध्ये सोबत येईल ती. खरं तर फोटो कसा येणार हे बॉडीपेक्षा लेन्सवर जास्त ठरतं, बॉडी पाच-सात वर्षांत बदलाल, लेन्स त्याहून जास्त टिकते, आणि एकदा दोन-तीन लेन्स जमल्या की त्या ज्या माउंटच्या, म्हणजे लेन्स बॉडीला अडकते त्या जोडाच्या, त्याच कंपनीत तुम्ही अडकता. म्हणून उलटीकडून सुरुवात करायची, काय टिपायचंय, त्याला कोणती लेन्स लागेल, आणि ती लेन्स नीट चालवणारी सगळ्यात स्वस्त बॉडी कोणती.

त्याआधी डीएसएलआर म्हणजे काय ते पटकन बघू. लेन्समधून आलेला उजेड आत एका तिरक्या आरशावर पडतो, तिथून वर जाऊन व्ह्यूफाइंडरमध्ये येतो, म्हणजे डोळा लावल्यावर दिसतं ते स्क्रीनवरचं चित्र नाही, खरा उजेड असतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं, उजेड सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपवर पडतो, आरसा परत खाली. तो जो खटॅक आवाज येतो त्यात आरशाचाच वाटा मोठा, आणि त्या क्षणी व्ह्यूफाइंडर काळा होतो तोही आरसा वर गेलेला असतो म्हणून. मिररलेसमध्ये हा आरसाच काढून टाकलाय, उजेड थेट सेन्सरवर, आणि तुम्ही बघता ती छोटी स्क्रीन.

आता स्पष्टच सांगते, नवीन डीएसएलआर येणं जवळपास थांबलंय. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८ मध्ये आपले नवे मिररलेस माउंट आणले, आरएफ आणि झेड, आणि तेव्हापासून त्यांचं सगळं लक्ष तिकडेच आहे, पेंटॅक्स तेवढी अजून आरशाला चिकटून आहे. मग डीएसएलआर घ्यायचा कशाला? तर याच कारणासाठी. लोक मिररलेसकडे जातायत आणि चांगल्या बॉडी, त्याहून चांगल्या लेन्स सेकंडहँड बाजारात येऊन पडतायत. कॅननचं ईएफ माउंट १९८७ पासूनचं आहे, निकॉनचं एफ माउंट तर १९५९ पासूनचं, एवढ्या वर्षांच्या लेन्सचा ढीग आहे. वर बॅटरी मस्त चालते, निकॉन डी३५०० एका चार्जवर १५५० फोटोंचा दावा करतो, आणि डोळा व्ह्यूफाइंडरला लावून बसलात तर जवळपास काही बॅटरी जळतच नाही. फक्त एक, तुम्हाला मुख्यतः व्हिडिओ करायचा असेल तर हा लेख इथेच सोडा आणि मिररलेस बघा, डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर व्हिडिओ करताना चालतच नाही, आरसा वर असतो ना.

तर लेन्स. लेन्सवर आकडे लिहिलेले असतात, समजा १८-५५ एमएम एफ ३.५-५.६. पहिला आकडा फोकल लेंथ, किती पसारा दिसेल की किती जवळचं दिसेल ते. १८ वर अख्खी खोली मावते, ५५ वर एका माणसाचा खांद्यापासून वर चेहरा. दुसरा आकडा अपर्चर, म्हणजे लेन्सच्या आतलं भोक जास्तीत जास्त किती उघडतं ते, आणि इथे सगळ्यांची गाडी अडते कारण आकडा लहान तर भोक मोठं. हा आकडा खरं तर भागाकार आहे, फोकल लेंथला या आकड्याने भागलं की भोकाची रुंदी मिळते. ५० ला १.८ ने भागा, जवळपास २८ एमएम. ५० ला ५.६ ने भागा, जेमतेम ९ एमएम. पाटी घेऊन ही दोन वर्तुळं शेजारी शेजारी काढून बघा म्हणजे लोक १.८ च्या मागे का लागतात ते कळेल, क्षेत्रफळ साधारण दहापट होतं, म्हणजे उजेडही दहापट.

दहापट उजेडाने काय होतं? रात्रीची वेळ, घरात एक ट्यूबलाइट, लहान मूल जमिनीवर खेळतंय. किट लेन्स, म्हणजे बॉक्समध्ये सोबत येते ती १८-५५, झूम केलेली आहे म्हणजे एफ ५.६, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती दाद देतो तो आकडा) १६००, कॅमेरा शटर देतो १/१५ सेकंद, म्हणजे तेवढा वेळ ते उघडं राहतं. १/१५ सेकंदात मूल हात हलवतं, मान वळवतं, फोटोत चेहऱ्याच्या जागी एक पुसट ढग. त्याच जागी एफ १.८ लावली की शटर येतं १/१५० च्या आसपास, आयएसओ ३२०० केला तर १/३००, मूल जागच्या जागी गोठलं. बॉडी तीच, खोली तीच, ट्यूबलाइटही तीच. हा फरक महागडी बॉडी घेऊन मिळवायला जाल तर बजेटचा पार बोऱ्या वाजेल.

इथे एक सांगते, लेन्सवर आयएस किंवा व्हीआर लिहिलेलं असतं, ते स्टॅबिलायझेशन. ते तुमच्या हाताचं हलणं सांभाळतं, समोरच्याचं नाही. पुतळ्याचा फोटो १/१५ ला व्यवस्थित येईल, पोराचा नाही येणार. पुष्कळ जण "स्टॅबिलायझेशन आहे की" म्हणून निर्धास्त असतात आणि मग फोकस खराब आहे म्हणून कॅमेऱ्याला शिव्या घालतात.

आता एफ १.८ चं दुसरं तोंड. मागचं सगळं मस्त धूसर होतं ते याच्यामुळेच, पण फोकसमध्ये राहणारा पट्टाही तेवढाच बारीक होतो. छोट्या सेन्सरच्या बॉडीवर ५० एमएम, एफ १.८, माणूस दीड मीटरवर, तर साधारण सहा सेंटिमीटरच्या आसपासची खोलीच काय ती स्वच्छ दिसते. माणसाने मान जरा तिरपी केली की एक डोळा धारदार, दुसरा मऊ. चार जणांचा ग्रुप फोटो १.८ ला काढायचा मोह आवरा, ५.६ किंवा ८ लावा, मागच्या रांगेतल्यांचे आशीर्वाद मिळतील.

छोटा सेन्सर म्हटलं, तर त्याबद्दल. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ एमएमचा, जुन्या फिल्मच्या मापाचा. नवशिक्यांसाठीच्या जवळपास सगळ्या डीएसएलआरमध्ये त्याहून छोटा, एपीएस-सी मापाचा असतो, निकॉनचा साधारण २३.५ बाय १५.६, कॅननचा अजून थोडा लहान. लेन्स फेकते तेवढंच चित्र, पण छोटा सेन्सर त्याचा मधला तुकडाच उचलतो, कडा कापल्या जातात, म्हणून सगळं जरा जवळ आल्यासारखं वाटतं. निकॉनवर १.५ ने, कॅननवर १.६ ने गुणायचं. ५० एमएम ही अशा बॉडीवर ७५-८० सारखी वागते. "पहिली लेन्स म्हणून ५० घे" हा सल्ला फिल्मच्या जमान्यातून तसाच चालत आलाय आणि तेव्हा तो बरोबरही होता, पण आज एपीएस-सी बॉडीवर ती लावून लहान खोलीत फोटो काढायला जा, पाठ भिंतीला टेकते आणि तरी समोरच्याचे पाय कापले जातात. घरात, माणसांत, रोजच्यासाठी ३५ जास्त कामाची. निकॉनची ३५ एमएम एफ १.८ डीएक्स (डीएक्स म्हणजे छोट्या सेन्सरसाठीची) यासाठी फार गोड लेन्स आहे. कॅननमध्ये २४ एमएम एफ २.८ ची पातळ चकतीसारखी एसटीएम (हा फोकसच्या मोटरचा एक प्रकार) लेन्स आहे, उजेड थोडा कमी घेते पण पिशवीत असल्याचं जाणवतसुद्धा नाही. आणि मुख्यतः एकेकट्या माणसाचे पोर्ट्रेट काढायचे असतील तर मात्र ५० डोळे झाकून घ्या, कॅननची २०१५ मधली ५० एमएम एफ १.८ एसटीएम तिच्या किमतीच्या मानाने कमाल आहे.

आणि किट लेन्स? लोक तिला उगाच नावं ठेवतात. १८-५५ हलकी असते, स्वस्त असते, दिवसाउजेडी एफ ८ ला काढलेला तिचा फोटो आणि महागड्या लेन्सचा फोटो मोबाइलच्या स्क्रीनवर ओळखून दाखवा. तिचं खरं काम वेगळंच आहे, तुम्हाला पुढची लेन्स कोणती लागणार ते ती सांगते. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो किती फोकल लेंथला काढला ते नोंदलेलं असतं, कॉम्प्युटरवर फोटोची माहिती उघडली की दिसतं. दोन महिने बिनधास्त फोटो काढा, मग त्यातले तुम्हाला स्वतःला आवडलेले पन्नास निवडा आणि फक्त तो आकडा वहीत लिहून काढा. मी केलं तेव्हा मला वाटत होतं माझा जीव लांबच्या फोटोंत आहे, कारण पक्षी वगैरे डोक्यात होते, आणि आवडलेल्या पन्नासपैकी निम्म्याहून जास्त निघाले ३० ते ३८ च्या मधले. पक्षी एकच होता, तोही कबुतर. टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स घ्यायला निघाले होते, ३५ घेऊन आले.

खरंच पक्षी, मैदानावरचे खेळ, लांबचं स्टेज असलं काही असेल तर टेलिफोटो लागणारच, त्याला इलाज नाही. कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम, निकॉनची ७०-३०० व्हीआर या सुरुवातीला पुरतात. पण इथे एक खड्डा आहे बघा. निकॉनच्या एएफ-पी डीएक्स ७०-३०० च्या दोन आवृत्त्या आहेत, एक व्हीआरवाली, एक बिनव्हीआरची, बाहेरून जवळपास सारख्याच, फरक काय तो नावातल्या दोन अक्षरांचा. किट लेन्सचंही तेच, कॅननच्या १८-५५ मध्ये आयएसवाली आणि बिनआयएसची अशा दोन्ही फिरतात, आणि स्वस्त जोडीत बहुतेक वेळा बिनआयएसची असते. कॅननची ७५-३०० तर "दोन लेन्सचा सेट" म्हणून बऱ्याचदा गळ्यात मारली जाते, तिला स्टॅबिलायझेशन नाही आणि ३०० वर ती मऊ पडते. ३०० एमएम एपीएस-सीवर हातात धरून काढायचं म्हणजे शटर १/४५० च्या पुढेच हवं, नाहीतर हात हललाच म्हणून समजा. दोन लेन्स मिळतायत म्हणून हुरळून जाण्यापेक्षा एक बरी घ्या.

आता बॉडी, आणि यावर मी फार वेळ घालवणार नाही कारण इथे चुकायला जागा कमी आहे. मेगापिक्सेल बघूच नका. ए४ कागदावर उत्तम प्रिंट काढायला ९ मेगापिक्सेलसुद्धा पुरतात, आणि गेल्या दहा वर्षांतली कुठलीही बॉडी बहुतेक २४ च्या आसपास असते. एकच कॅमेरा वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या नावाने विकला जातो हे मात्र माहीत असू द्या, कॅनन २००डी कुठे रिबेल एसएल२ असतो, कुठे किस एक्स९, त्यामुळे रिव्ह्यू शोधताना हे तीन वेगळे कॅमेरे समजून तुलना करत बसू नका (मी बसले होते, चांगली अर्धी संध्याकाळ).

बघायचं काय तर, एक, हातात धरून करंगळीला जागा मिळते का. ऐकायला बावळट वाटतं पण जो कॅमेरा हाताला टोचतो तो कपाटातच राहतो. दोन, स्क्रीन बाहेर वळते का, कारण जमिनीलगत फोटो काढायचा तर नाहीतर पोटावर झोपावं लागतं. स्क्रीनवर बघून फोटो काढायची सवय मोबाइलमुळे सगळ्यांनाच असते, आणि त्यात कॅनन २००डी किंवा २५०डी फार पुढे आहेत, त्यांचा स्क्रीनवरचा फोकस झटपट होतो, निकॉन डी३५०० चा रेंगाळतो, पण तोच डी३५०० व्ह्यूफाइंडरमधून एकदम चपळ. तीन, माझी वरची फजिती. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० या मालिकांमध्ये, म्हणजे डी३५००, डी५६०० वगैरे, बॉडीत मोटर नाही, त्यांना एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेली, म्हणजे आत मोटर असलेली लेन्सच हवी, नुसतं एएफ किंवा एएफ-डी लिहिलं असेल तर फोकस हातानेच. डी७००० मालिकेत मोटर असते. वर गंमत म्हणजे एएफ-पी काही जुन्या बॉडींवर चालत नाही, म्हणून निकॉन घेताना बॉडी आणि लेन्स ही जोडी एकत्र तपासा. कॅननमध्ये मोटर पहिल्यापासून लेन्समध्येच, ती कटकट नाही, फक्त ईएफ-एस, म्हणजे छोट्या सेन्सरसाठीची लेन्स फुल फ्रेम बॉडीवर बसत नाही एवढं लक्षात ठेवा.

सेकंडहँड घेताना लाजू नका, समोर उभं राहून सगळं बघा. लेन्सची दोन्ही टोपणं काढा, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. धुळीचे चार कण दिसतील, त्याने काहीही बिघडत नाही, पण आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, ती लेन्स फुकटसुद्धा घेऊ नका. सेन्सरसाठी अपर्चर एफ १६ करा, पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम आउट ऑफ फोकस फोटो काढा आणि झूम करून बघा, काळे ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते, पण ओरखडा असेल तर निघत नाही. शटर किती वेळा पडलंय तेही विचारा. निकॉनमध्ये फोटोच्या फाइलमध्येच तो आकडा सापडतो, कॅननमध्ये बहुतेक वेळा वेगळं सॉफ्टवेअर लागतं. डी३५०० सारख्या बॉडीचं शटर १,००,००० क्लिकसाठी तपासलेलं असतं, म्हणजे १,००,००१ व्या क्लिकला मरतं असं नाही, पण ८०,००० झालेली आणि ८,००० झालेली बॉडी एकाच भावात कोणी विकत असेल तर काय ते तुम्ही समजून घ्या. कार्ड घालायच्या खाचेत डोकावा, पिना वाकलेल्या नकोत. आणि आपलं कार्ड सोबत न्या, चार फोटो काढून घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, विकणारा घाई करायला लागला तर तोच इशारा समजा.

बाकी सामान थोडक्यात. एक बऱ्यापैकी एसडी कार्ड, फार महाग, जास्त वेगाचं यूएचएस-२ वालं घेऊ नका, नवशिक्यांसाठीच्या बॉडी तो वेग वापरूच शकत नाहीत. हवा मारायचा रबरी फुगा, मऊ कापड. दुसरी बॅटरी नंतर घेतली तरी चालते. सोबत दहा वस्तूंचा "कॉम्बो" देतात ना, लेन्सवर स्क्रू करायचे वाइड अँगलचे काचेचे तुकडे, हातभर उंचीचा लडबडणारा ट्रायपॉड, ते सगळं तिथेच ठेवून या.

घरी आणल्यावर मोड डायल ऑटोवरून काढून ए वर ठेवा, कॅननवर त्याला एव्ही म्हणतात. अपर्चर तुम्ही द्यायचं, शटर तो बघेल. मॅन्युअलच्या मागे पहिल्या आठवड्यात लागू नका, मॅन्युअल वापरला की खरा फोटोग्राफर वगैरे सगळ्या गप्पा आहेत. आणि व्ह्यूफाइंडरमधून बघितल्यावर सगळं पुसट दिसलं तर घाबरू नका, डोळा लावतो त्या खिडकीच्या बाजूलाच बहुतेक कॅमेऱ्यांना एक एवढीशी चकती असते, डायऑप्टर म्हणतात तिला, चष्म्याच्या नंबरासारखी ती आपल्या डोळ्याला जुळवून घ्यायची असते. आतल्या दृश्याकडे बघून नाही, आत जे आकडे आणि चौकोन दिसतात त्यांच्याकडे बघत ते धारदार होईपर्यंत फिरवायची. माझ्या ओळखीतला एक जण कॅमेरा खराब निघाला म्हणून परत द्यायला निघाला होता, दारातून त्याला मागे बोलावला आणि ती चकती तीन खटके फिरवली.